मरीमायची चाकं

आमच्या पाटलांना नाही म्हणता यायचं नाही. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हे माझ्या ध्यानात आलं. कोणी बैल मागितला की बैल द्यायचा, कोणी बी मागितलं की बी द्यायचं. आणि मी मागून डोळे वटारले की हे आपले आढ्याकडे बघत बसायचे. सासरे गेले, आसरखेडची पाटीलकी ह्यांच्या डोक्यावर आली, तेव्हा मी माझ्या जावेला, सोजरबाईला म्हटलं, "आता पाहजो, एक दिवस घरचं दारही कोनी मांगून नेईन." आम्ही दोघी पदर तोंडाला लावून खूप हसलो. तेव्हा आमचं घर हसण्यासारखं होतं.

पाटीलकीचे मान मला सगळे तोंडपाठ होते. पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी आमची, लग्नात पहिला टिळा आमचा, होळीला पहिली पोळी आमच्या घरची. माझ्या माहेरी पाटीलकी नव्हती, म्हणून मला त्याचं जरा जास्तच कौतुक. गावावर संकट आलं तर पाटलानं काय करायचं, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ह्यांनाही कोणी सांगितलेलं नसावं.

आसरखेड म्हणजे केनवडच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परतता येईल एवढं लांब. वरच्या अंगाला दुसरी गावं, खालच्या अंगाला देवला नायकाचा लमाणी तांडा, आणि तांड्याच्या पलीकडे नुसतं जंगल. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे.

तीस-बत्तीस सालची गोष्ट. ज्येष्ठ महिना, विहिरींनी तळ गाठलेला, आणि वरच्या गावांतून मरी खाली येत होती. मरी म्हणजे पटकी. सकाळी औत धरलेला माणूस दिवस बुडायच्या आत सरणावर. औषध कोणाला ठाऊक नव्हतं; ठाऊक होता तो मरीमायचा गाडा. लाकडाचा, दोन हात लांब, त्यावर शेंदूर फासलेली मरीमाय, खाली चार लाकडी चाकं. ज्या घरात आजार, त्या घरातलं एक फडकं चाकाला बांधायचं. आजाऱ्याच्या अंगावरचं, अंथरुणातलं, जसं असेल तसं; धुवायचं नाही. चाक फिरलं की माय त्या घरचा आजार चाकाभोवती गुंडाळून घेते, असं सगळे मानत. मग डफ वाजवत गाडा गावाच्या शिवेवर न्यायचा, पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलायचा, आणि मागं वळून न बघता घरी यायचं. पुढचं गाव पूजा करतं, आपली फडकी बांधतं, आणि गाडा आणखी पुढे ढकलतं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं वाटत. पाहुणी आली, तिचं साग्रसंगीत केलं, वाटेला लावलं.

गाडा आमच्या शिवेत आला त्या सकाळी गावात दोन घरांत आजार होता. बायांनी ओट्या भरल्या, फडकी बांधली. दुसऱ्या दिवशी गाडा पुढे न्यायचा ठरला. पुढे म्हणजे तांड्याच्या शिवेवर.

दुपारी देवला नायक आमच्या दारात आला. उंच, वाळका म्हातारा, डोक्याला पांढरा फेटा, कानात चांदीची बाळी. मागं त्याची बायको हिरीबाई, आणि तिच्या मागं सून कमलीबाई, सातव्या-आठव्या महिन्यातली, घामानं निथळणारी. एवढ्या उन्हात सुनेला मुद्दाम आणलं होतं. देवला नायक काही भोळा नव्हता. आमच्या पाटलांना काय दाखवलं की ते विरघळतात, हे त्याला माझ्याइतकंच कळत होतं.

"पाटील," तो पायरीखालीच उभा राहून म्हणाला, "सगळ्याइच्या म्होरं गाव हाय. आमच्या म्होरं जंगल हाय. आमी गाडा कोनाच्या शिवेत ढकलू? मागच्या बारीले थो आमच्यापाशी आला न् तिथंच सडला. माहे दोन पोरं गेले. आता एक बाबूसिंग उरला, न् ही त्याची बायको. तुमी जे म्हनसान थे करतो, पन गाडा नका आनू."

हे आढ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी कमलीबाईकडे बघितलं.

"जा नायक," ते म्हणाले. "गाडा येनार नाई."

तो वाकून नमस्कार करून गेला, आणि मी सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. "अवो, आपल्या घरी लेकरंबाळं नाईत का? सोजरचे दोन हायेत ना! दुसऱ्याच्या पोटातल्या लेकराची काळजी हाय तुमाले, न् अंगनात खेळते त्याइची नाई?" मी तेव्हाही म्हणाले आणि आताही म्हणते, पाटलानं आधी आपलं गाव बघावं. ह्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "चतुरा, तांडा बी आपल्याच शिवेले लागून हाय. शिव काई देवानं आखली नाई."

संध्याकाळी पारावर गाव जमलं. माझा दीर रामकिसन, सोजरचा नवरा, तापट, ह्यांच्या अगदी उलट, आणि गावात त्याचं वजन थोरल्या भावापेक्षा जास्त. तो उभा राहून म्हणाला, "दादा, सात पिढ्याइची रीत हाय. तुमी कोन मोडनारे?"

"मी मोडत नाई," हे म्हणाले. "मायले पाहुनी म्हनता ना? मंग पाहुनीले इतकी घाई करून कायले हाकलता? माह्या वावरात ठेवतो. मी रोज निवद दाखवतो. कोप करन त माह्यावर करन."

लोक उठून घरोघर गेले, पण पटलं म्हणून नव्हे. त्याच संध्याकाळी हे आणि आमचा सालदार गाडा ओढत वावरात घेऊन गेले. नाल्याच्या काठी आमची विहीर होती. कठडा नसलेली, पण पाणी असं गोड की केनवडच्या बाजाराला जाणारे लोक वाट वाकडी करून तिथं थांबायचे. विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथं, आंब्याखाली गाडा ठेवला. त्या दिवसापासून तिकडे कोणी फिरकेना. बसलेल्या मायजवळ कोण जाणार! ह्यांचं मात्र रोजचं ठरलं. पहाटे उठून झाडायचं, दिवा लावायचा, निवद दाखवायचा. मी निवद करून द्यायचे आणि देताना भांडं आपटायचे.

गावात मरी वाढली. ती वाढणारच होती, हे आता कळतं. तेव्हा सगळ्यांना एकच कारण दिसत होतं. पाटलानं मायला अडवून धरलंय. सरणं पेटायची आणि लोक आमच्या घराकडे बघायचे. मी पाण्यावर गेले की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. न्हाव्यानं आमच्याकडे यायचं सोडलं. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर ह्यांनी एकदाही कोणाला उलट उत्तर दिलं नाही याचा. पाटीलकी काय नुसती सोसायलाच असते?

एका दुपारी रामकिसन डफवाल्यांना आणि दहा-बारा गड्यांना घेऊन वावराकडे निघाला. गाडा उचलायचा आणि सरळ तांड्याच्या शिवेवर नेऊन टाकायचा. सालदार पळत सांगायला आला. हे जेवत होते. उष्ट्या हातानं उठले आणि नाल्याच्या आडवाटेनं धावले. मीही मागून धावले. म्हटलं, भावाभावांत डोकी फुटली तर एक तरी बाई मध्ये असावी.

मी पोचले तेव्हा ह्यांनी गाड्याच्या खिळी उपटल्या होत्या. चाकं एकेक करून हातात घेतली. त्यांना वरच्या गावांपासूनची फडकी बांधलेली, एकावर एक, वाळून कडक झालेली. ह्यांनी पहिलं चाक विहिरीत टाकलं. मग दुसरं. रामकिसन बांधावरून ओरडत होता, "दादा! दादा, काय करून राह्यले?" तोवर चारही चाकं तळाला गेली. लाकूड जुनं, लोखंडी पट्ट्या मारलेलं. तरंगायचा प्रश्नच नव्हता.

"आता ने," हे दम खात म्हणाले. "चाकाबिगर मायले खांद्यावर घेशीन का रे? घे."

मरीमायला खांद्यावर घ्यायची कोणाची छाती नव्हती. डफवाले आल्या वाटेनं परत गेले. रामकिसन बांधावरून उतरून भावासमोर आला आणि म्हणाला, "आजपासून आपलं बोलनं बंद."

हे खरं सांगते, त्या क्षणी मला ह्यांचा अभिमान वाटला. घरी येईपर्यंत मी तो दाबून टाकला, पण वाटला. असा नवरा आढ्याकडे बघणाऱ्यांतला नसतो.

चार-आठ दिवसांनी वाशीमहून सरकारी कंपाउंडर आला, थकलेला, तोंडावर रुमाल बांधलेला. गावच्या विहिरीत त्यानं लाल दवाई टाकली. लोकांनी नाकं मुरडली. पाणी रक्तासारखं दिसतं म्हणून दोन दिवस कोणी प्यायलं नाही, मग तहानेपुढे कोणाचं काय चालतं. तो आमच्या वावरातही आला. ह्यांनी हात जोडले. "इथं नको साहेब. माय बसली हाय. तिच्या पायाशी दवाई टाकनं म्हंजे तिले जा म्हनल्यासारखं व्हईन. न् हे पानी सध्या कोनी पेतबी नाई." कंपाउंडरला अजून चार गावं करायची होती. तो बरं म्हणून निघून गेला.

मग रामकिसनला उलट्या सुरू झाल्या.

सोजर त्याच्या उशाशी, मी पायाशी. डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. भावाभावाचं बोलणं बंद होतं, म्हणून हे दाराच्या बाहेर ओसरीवर बसून राहिले, आत येईनात. मी एकदा बाहेर जाऊन ओरडले, "अवो, मरून राह्यला थो! आता कायचा रुसवा?" तेव्हा हे आत आले आणि भावाचं डोकं मांडीवर घेतलं. रामकिसनला बोलवत नव्हतं. त्यानं ह्यांचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. रागानं धरलं की मायेनं, ते मला सांगता येणार नाही, ह्यांनाही कधी सांगता आलं नाही. भर दुपारी तो गेला.

तिरडी बांधायला कोणी आलं नाही. सालदार घरोघर जाऊन आला. भाऊबंदांनी दारं लावून घेतली. कोणी आजाराला भिऊन, कोणी रागानं, एकजण तर उंबऱ्यात उभं राहून म्हणाला म्हणे, "पाटलाले सांग, मायले घेऊन ये खांदा द्यायले." उन्हात प्रेत किती वेळ ठेवणार? सोजर रडायची थांबली होती आणि नुसती दाराकडे बघत होती. खांदेकरी नाहीत या लाजेपुढे तिला नवऱ्याचं मरणही सुचत नव्हतं.

तेव्हा देवला नायक आला. बरोबर बाबूसिंग आणि तांड्यातले आणखी दोघं. पायरीखाली थांबले.

"पाटील," देवला म्हणाला, "तुमी म्हनसान त खांदा देतो. नाई म्हनसान त वापस जातो."

ज्या माणसानं त्यांच्या शिवेवर गाडा न्यायला डफ वाजवायला लावला होता, त्याला खांदा द्यायला आले होते. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. डफ तांड्यापर्यंत ऐकू गेला होता. ह्यांनी होकाराची मान हलवली आणि तोंड फिरवलं. चार लमाणांनी पाटलाच्या भावाला उचललं आणि आसरखेडच्या रस्त्यानं नेलं. दारं किलकिली झाली, पण उघडली नाहीत.

मसणवट नाल्याच्या काठी, आमच्या वावराला लागूनच. अग्नी दिला, पुढचं झालं. रीत अशी की खांदेकऱ्यानं आंघोळ करून, तोंडात पाणी घेऊनच घरी जायचं, आणि ते पाणी ज्याच्या घरचं मरण त्यानं द्यायचं. नाल्याला पाणी नव्हतं. हे चौघांना आपल्या विहिरीवर घेऊन गेले. एरवी तांड्यातल्या माणसाला आम्ही वरून ओंजळीत पाणी ओतायचो. डोलाला हात कोणी लावू देत नव्हतं. त्या दिवशी ह्यांनी स्वतः डोल शेंदला, सगळ्यांना आंघोळी घातल्या, आणि मग डोल देवलाच्या हातात दिला. म्हणाले, "आजपासून ही इहीर तुमची बी हाय, नायक." सगळे पोटभर प्याले. शेवटी त्याच डोलातलं हेही प्याले. निघताना ह्यांनी वावरातल्या झोपडीतली कळशी आणली, भरली, आणि बाबूसिंगला दिली. "तुह्या बायकोले ने. मायच्या पायाजवळचं पानी हाय, बाळंतपन सुखाचं व्हईन."

हे सगळं मला ह्यांनीच घरी येऊन सांगितलं. भाऊ गेला त्या दिवशीही ह्यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड होता. म्हणाले, "चतुरा, रामकिसन गेला, पन तांडा त वाचला."

तिसऱ्या दिवशी तांड्यातून रडणं ऐकू यायला लागलं. वारा तिकडून होता.

आधी बाबूसिंग गेला. मग खांदेकऱ्यांतला दुसरा. मग कमलीबाई, पोटातल्या लेकरासकट. कळशीतलं पाणी तिनं थोडं थोडं करून, प्रसादासारखं, शेजारच्या बायांनाही वाटलं होतं. त्या झोपड्यांतही आजार गेला. ह्यांनाही दोन दिवस जुलाब झाले. मी रात्रंदिवस देव पाण्यात घालून बसले. तिसऱ्या दिवशी हे उठून बसले आणि पेज मागितली. तेव्हा मी किती खूश झाले होते! तेवढी खुशी पुन्हा कधी झाली नाही, आणि हे उठले याचा पश्चात्ताप ह्यांना जेवढा झाला तेवढाही पुन्हा कशाचा झाला नाही.

अंगात चालण्याचं बळ आलं तसे हे तांड्यात गेले. देवला झोपडीसमोर दगडावर बसला होता. फेटा बांधलेला, ताठ. ह्यांना बघून उठला.

"पाटील, तुमी शबूद पाळला," तो म्हणाला. "गाडा नाई येऊ देला. मरी आपल्या पायानं आली, त्याले तुमी काय करसान? गावानं तुमाले वाळीत टाकलं, भाऊ गेला, तरी तुमी गाडा नाई येऊ देला. जितं हाय तवरक इसरनार नाई."

हे त्याच्यासमोर रडले. तो नाही रडला. तांडा बघत होता, आणि नायकाला रडता येत नाही.

कंपाउंडर दुसऱ्यांदा आला तेव्हा पाऊस लागला होता, मरी ओसरली होती. आमच्या ओसरीवर चहा घेताना त्यानं सहज विचारलं, तांड्यात कशी काय गेली, ते तर वेगळ्या झऱ्याचं पाणी पितात. ह्यांनी सांगितलं. खांदा, आंघोळ, डोल, कळशी. मग त्यानं गाड्याचं विचारलं, आणि ह्यांनी चाकांचंही सांगितलं. कंपाउंडरनं कप खाली ठेवला. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, "पाटील, रोग त्या फडक्यांत होता. तुम्ही तो विहिरीत टाकला. पाण्यातून तो माणसांच्या पोटात गेला. दुसरं काही नाही."

"मी बी थेच पानी पेलो," हे म्हणाले.

"एखादा वाचतो," कंपाउंडर म्हणाला.

मी दाराआड उभी होते. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं: गाडा पुढे ढकलला असता तर? मग तीच फडकी तांड्यात गेली असती, आणि तेच झालं असतं. अडवला तरी तेच झालं. मग ह्यांनी केलं त्याचा उपयोग काय? ह्यांच्या जागी दुसरा कोणी पाटील असता, दुष्ट असता, तरी बाबूसिंग आणि कमली मेलेच असते. फरक एवढाच, की तेव्हा देवलानं शिव्या दिल्या असत्या. चांगलं करावं, चांगलं होतं, असं मला लहानपणी आजीनं सांगितलं होतं. तिला कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशीपासून ह्यांनी विहीर बुजवायला घेतली. दवाई टाकून पाणी सुधारलं असतं, कंपाउंडरनं तसं सांगितलंही. पण हे ऐकेनात. नाल्यातले दगड टोपल्यात भरायचे, डोक्यावर घ्यायचे, विहिरीत ओतायचे. सालदाराला हात लावू देत नव्हते. पेरणी झाली, निंदण झालं, कापूस वेचून झाला, ह्यांची टोपली चालूच. मी म्हटलं, "अवो, गोड पान्याची इहीर बुजवनारा तुमच्यासारका याडा कोनी पाह्यला नाई." म्हणाले, "नसन पाह्यला." गाव म्हणालं, भाऊ गेल्यापासून पाटलाच्या डोक्यावर परिणाम झाला. त्या पोळ्याला ह्यांनी आपली जोडी तोरणाखाली नेलीच नाही. सगळ्यांच्या मागून, लंगड्या बैलाच्याही मागून नेली. कोणाला नवल वाटलं नाही. ह्यांनी कोणाला कारण सांगितलं नाही. मीही नाही. तांड्यातल्या कोणाला तर नाहीच. तांड्याची वाट आली की हे लांबून वळसा घालून जायचे.

वर्ष उलटून पुन्हा उन्हाळा आला. विहीर थारोळ्यापर्यंत भरत आली होती. त्या दिवशी हे रिकामी टोपली घेऊन घरी आले, अंगणात पाय धुवत होते, आणि दारात हिरीबाई उभी. हातात घासूनपुसून लख्ख केलेला पितळी लोटा. अंगावरची चांदी सगळी गेलेली. मी तिला ओसरीवर बोलावलं, पण ती पायरीखालीच थांबली.

"पाटील," ती म्हणाली, "नायकाचं आता काई खरं नाई. चार दिस झाले, अन्न तोंडात घेत नाई. एकच मांगून राह्यला. म्हन्ते, पाटलाच्या इहिरीचं पानी आन. म्हन्ते, जिंदगीभर गावागावानं मले वरून पानी वतलं, एका पाटलानंच डोल हातात देला. थे पानी तोंडात पडलं का मी सुखानं जातो." तिनं लोटा पुढे केला. "येवढा भरून द्या."

हे पायरीवर बसले. 

"हिरीबाई," ते म्हणाले, "इहीर बुजवली मी."

"काहून?"

मी मध्ये बोलणार होते. काहीतरी खोटं, विहीर आटली, ढासळली, काहीही. ह्यांनी माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली, आणि सगळं सांगितलं. चाकं, फडकी, दवाई टाकू दिली नाही ते, आणि कंपाउंडर काय म्हणाला ते. एक गोष्ट गाळली नाही. हिरीबाई उभ्या उभ्या ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळेना. लोटा ती ह्यांच्या डोक्यात घालेल, अशी मला भीती वाटत होती, आणि तिनं घातला असता तरी मी आडवी गेले नसते.

"बाबूसिंग बी त्यानंच?" तिनं विचारलं.

"व्हय."

"न् कमली?"

"कळशी मीच भरून देली, माय."

ती खाली बसली, धुळीतच. ओढणी तोंडावर ओढली.  अंगणात सोजरची पोरं खेळत होती. हे डोक्याला हात लावून बसले होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

मग ती उठली. ओढणी सारखी केली, आणि लोटा माझ्यापुढे धरला.

"पाटलीनबाई, तुमच्या रांजनातलं द्या."

मला कळेना. 

"द्या ना," ती म्हणाली. "मी त्याले सांगतो, त्याच इहिरीचं हाय म्हनून. त्याच्याजवळ आता तेवढंच हाय, बाई. थे कायले हिसकू?"

मी लोटा भरला. उचलताना निम्मं पाणी माझ्याच पायावर सांडलं. मी पुन्हा भरला. तिनं दोन्ही हातांनी घेतला. ह्यांना एक शब्द बोलली नाही, चांगला नाही की वाईट नाही. ती वळली आणि रस्त्याला लागली. ऊन डोक्यावर होतं आणि तांडा लांब होता. आमची शिव ओलांडेपर्यंत मी दारातून तिला बघत राहिले. तिनं मागं वळून बघितलं नाही, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून ती फार हळू चालत होती.